चौथं सर्टिफिकेट घेऊ का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका २६ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. बी.एस्सी. ई.सी.एस. (एन्टायर कॉम्प्युटर सायन्स) झाल्यावर पुण्यात येऊन सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास केला. मग हॉस्पिटल बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत अडीच वर्षं मॅन्युअल टेस्टर (सॉफ्टवेअर स्वतः हाताने चालवून चुका शोधणारी) म्हणून काम केलं. सात महिन्यांपूर्वी कंपनीने ते प्रॉडक्टच गुंडाळलं आणि नोकरी गेली. तेव्हापासून तिने टेस्टिंगचं आयएसटीक्यूबी फाउंडेशन, मायक्रोसॉफ्टचं एझेड-९०० आणि स्क्रम मास्टर (टीमचं रोजचं कामकाज चालवणाऱ्याचं) अशी तीन सर्टिफिकेटं मिळवली. रोज अर्ज टाकते, पण कॉल मोजकेच येतात आणि आलेच तर पहिल्या फेरीत अडतं. आता एका क्लासने 'एडब्ल्यूएस, डेव्हऑप्स आणि जेनएआय' (ॲमेझॉनचं क्लाउड, सॉफ्टवेअर सतत चालू ठेवायचं काम आणि एआय) असं नव्वद हजारांचं पॅकेज हप्त्यांवर देऊ केलंय. एस.टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालेले वडील फंडातले पैसे द्यायला तयार आहेत. भाऊ म्हणतो, कागद गोळा करणं आता पुरे. रूममेटच्या ओळखीचा एक जण तीस हजारांत दोन वर्षांचा जास्तीचा अनुभव 'करून देतो' म्हणतोय. मध्ये कॉन्ट्रॅक्टवरची एक ऑफर आली होती, ती परमनंट नाही म्हणून तिने सोडली. तिचा प्रश्न असा: कॉल यावेत म्हणून चौथं सर्टिफिकेट कोणतं घेऊ?

तुला 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस.

तुझं पत्र बहुतेक सगळं सर्टिफिकेटांबद्दल आहे. मुलाखतींना त्यात दोनच ओळी मिळाल्यात. "एका ठिकाणी दोन टेबलं जोडून क्वेरी लिहायला सांगितली, मी गडबडले. दुसरीकडे ऑटोमेशन विचारलं, ते केलेलं नाही असं सांगून टाकलं." आणि लगेच पुढे लिहितेस, "तीन सर्टिफिकेटं घेऊनही उपयोग होत नाही, म्हणजे माझी निवड चुकली असणार." मला वाटतं, तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या दोन ओळींतच होतं आणि तू ते ओलांडून पुढे गेलीस. पॅनेलने जे विचारलं ते तुझ्या तिन्ही परीक्षांमध्ये नव्हतं. चौथीतही नाही.

कुठेतरी एक 'बरोबर' सर्टिफिकेट आहे, ते सापडलं की फोन वाजायला लागेल, हे तू धरून चालली आहेस. आधी ते तपासू.

एक शीट उघड आणि सात महिन्यांतले अर्ज त्यात उतरव. अर्ज केला आणि पुढे काहीच झालं नाही, ते एका रकान्यात. फोन आला पण एचआरशी बोलण्यापलीकडे गेलं नाही, ते दुसऱ्यात. टेक्निकल फेरीत गेलं, ते तिसऱ्यात. पगारावर किंवा जॉइनिंगच्या तारखेवर फिसकटलं, ते चौथ्यात. सर्टिफिकेटचा जो काही परिणाम व्हायचा तो पहिल्या रकान्यावर, आणि तोही ठराविक कामांच्या बाबतीतच. तिसऱ्या रकान्यातली नोकरी कुठल्याही सर्टिफिकेटने परत येत नाही. मी अनेक वर्षं टेस्टर निवडणाऱ्या पॅनेलवर बसतेय. आयएसटीक्यूबी आहे म्हणून जॉइन (म्हणजे टेबलं जोडणारी ती क्वेरी) न येणाऱ्या उमेदवाराला पुढे ढकललंय, असं तिथे कधी घडलेलं मला आठवत नाही. आणि ते नाही म्हणून चांगल्या उमेदवाराला थांबवलंय, असंही नाही.

आता दुसरी शीट भर, पण ही इतरांच्या जाहिरातींवरून. पुण्यातल्या, दोन ते चार वर्षं अनुभव मागणाऱ्या टेस्टरच्या पन्नास जेडी (जाहिरातीतली कामाची वर्णनं) काढ. प्रत्येकीत काय 'हवंच' म्हटलंय आणि काय 'असल्यास उत्तम' म्हटलंय, ते वेगवेगळं लिही. एसक्यूएल (टेबलांतून डेटा काढायची भाषा) किती जणांना हवंय, एपीआय टेस्टिंग (सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलतात ते तपासणं) किती जणांना, सेलेनियम किंवा प्लेराइट (टेस्ट आपोआप चालवायची, म्हणजे ऑटोमेशनची साधनं) किती जणांना, आणि सर्टिफिकेट 'हवंच' म्हणणारे किती. आकडा मी सांगत नाही, तू मोज. स्वतः मोजलेलं असलं की क्लासच्या काउन्सेलरशी बोलताना आवाजात फरक पडतो.

तुझ्याकडच्या तीन कागदांबद्दलही बोलू, कारण ते वाया गेले असं मला म्हणायचं नाही. आयएसटीक्यूबी फाउंडेशन म्हणजे चाळीस प्रश्न, साठ मिनिटं आणि पास व्हायला सव्वीस गुण. प्रश्न पर्यायी असतात. त्यातून टेस्टिंगची सामाईक भाषा येते: बाउंडरी व्हॅल्यू, इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग, रिग्रेशन आणि रीटेस्टिंगमधला फरक. परदेशी क्लायंटसोबत काम करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांच्या जेडीत ते 'असल्यास उत्तम' या यादीत बऱ्याचदा दिसतं. त्याची मुदत संपत नाही, तेव्हा रेझ्युमेत राहू दे, शिक्षणाखाली एका ओळीत. एझेड-९०० ही अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची तोंडओळख आहे. क्लाउड विकणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या, कोड न लिहिणाऱ्या लोकांनीही ती द्यावी अशीच तिची रचना आहे. त्यामुळे ती पास झालेल्या टेस्टरला क्लाउड येतं, असं कुणी धरत नाही. ठेवलीस तरी चालेल.

स्क्रम मास्टर मात्र काढून टाक. अडीच वर्षांचा मॅन्युअल टेस्टिंगचा अनुभव आणि रेझ्युमेच्या माथ्यावर स्क्रम मास्टर, हे पाहून रिक्रूटरला प्रश्न पडतो की या मुलीला टेस्टिंग करायचंय की त्यातून बाहेर पडायचंय. तो फोन करून विचारत बसत नाही, पुढच्या रेझ्युमेवर जातो. तुला कॉल कमी येण्याचं हे एक कारण असू शकतं. म्हणजे एका सर्टिफिकेटने उलट नुकसानच केलं असण्याची शक्यता आहे.

मग लोक सर्टिफिकेटं घेतात ती का, आणि कंपन्या ती मिरवतात ती का? हे कारण क्लासवाले सांगत नाहीत म्हणून जरा सविस्तर लिहिते. एडब्ल्यूएस, मायक्रोसॉफ्ट, सेल्सफोर्स यांच्या पार्टनर योजना असतात. सर्व्हिस कंपनीला वरच्या पायरीवर जायचं असेल तर तिच्याकडे ठराविक संख्येने सर्टिफाइड माणसं असावी लागतात. पायरी वाढली की सवलती वाढतात, क्लायंटकडे पाठवलेल्या प्रस्तावात दाखवायला आकडा मिळतो. कधी क्लायंटच अट घालतो की टीममध्ये इतके सर्टिफाइड हवेत. म्हणून कंपनी आपल्याच माणसांना परीक्षेला बसवते, फी भरते, पास झाल्यावर थोडा बोनसही देते. 'आमच्याकडे इतके हजार सर्टिफाइड' ही जाहिरात वाचून बाहेरच्या मुलाला वाटतं, ते सर्टिफाइड होते म्हणून त्यांना घेतलं. त्यातल्या बहुतेकांना आधी घेतलेलं असतं आणि परीक्षा नंतर द्यायला लावलेली असते.

हे आजचंही नाही. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईची अशीच लाट आली होती. प्रश्न पाठ करून पास झालेल्या, पण सर्व्हर बिघडला की हात वर करणाऱ्या मंडळींना अमेरिकेत 'पेपर एमसीएसई' म्हणायला लागले आणि ते नाव इथपर्यंत आलं. पुढे एमसीएसई हे सर्टिफिकेटच २०२१च्या जानेवारीअखेर मायक्रोसॉफ्टने बंद केलं.

आता नव्वद हजारांचं पॅकेज. एडब्ल्यूएसची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा १५० डॉलरची आहे. वर अठरा टक्के जीएसटी धरला तरी पंधरा हजारांच्या आसपास जाते. पासष्ट प्रश्न, १३० मिनिटं, हजारपैकी ७२० गुण, आणि सर्टिफिकेट तीन वर्षांनी संपतं. म्हणजे उरलेले पंचाहत्तर हजार शिकवण्याचे आहेत. तेवढं शिकवणं तिथे होतं का, हा पहिला प्रश्न. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. ही परीक्षा एडब्ल्यूएसवर वर्षभर प्रत्यक्ष काम केलेल्या माणसासाठी आहे, असं एडब्ल्यूएस स्वतःच सांगते. डेव्हऑप्सच्या जागेवर कंपनी ज्याला बसवते त्याच्या हातात चालू प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली सिस्टीम असते. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर त्याला उठवतात. लिनक्स, नेटवर्किंग आणि स्क्रिप्टिंगमध्ये हात बसलेला नसताना ती जागा कुणी देत नाही, आणि न देण्यात त्यांचं काही चुकतही नाही. तू टेस्टिंगमधली अडीच वर्षं मागे टाकून तिथे गेलीस तर फ्रेशर म्हणून उभी राहशील, आणि फ्रेशरच्या रांगेत तुझ्यापुढे बी.ई. झालेली पोरं असतील. 'जेनएआय' या तिसऱ्या शब्दाबद्दल मी काही लिहीत नाही. त्या क्लासने अभ्यासक्रमाचं पान पाठवलं तर बघू.

तरीही जायचंच ठरवलंस, तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी माग. गेल्या बॅचमधल्या किती जणांना, कोणत्या पदावर, किती पगारावर नोकरी लागली. त्यातल्या दोघांशी तुला थेट बोलता येईल का. मधेच सोडलं तर परतावा किती. आणि परीक्षेची फी या रकमेत आहे की वेगळी. फोनवर 'हो मॅडम, नक्की मॅडम' म्हणणारा माणूस ईमेलवर गप्प झाला, तर उत्तर मिळालं असं समज.

हप्त्यांचंही नीट समजून घे. बहुतेक वेळा तो क्लासने दिलेला हप्ता नसतो. एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज तुझ्या नावावर निघतं आणि क्लासला सगळी रक्कम सुरुवातीलाच मिळते. पुढे तू क्लास सोडलास किंवा क्लासने शटर ओढलं, तरी हप्ता तुझाच राहतो. थकला की सिबिल तुझं खराब होतं. ॲपवरून घेतलेल्या कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कर्जाचा एकूण खर्च एका पत्रकावर आधी दाखवावा लागतो. सुरुवातीच्या ठराविक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेरही पडता येतं. ते पत्रक मागून घे. आणि 'ऑफर शनिवारपर्यंतच आहे' असं म्हणाले तर शनिवार जाऊ दे. रविवारी परत फोन येतो.

मी तुझ्या जागी असते तर तेच दोन-अडीच महिने कुठे घातले असते, ते सांगते.

सुरुवात एसक्यूएलपासून, कारण मुलाखत तिथेच अडली. जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी, एवढं हातात बसलं पाहिजे. व्हिडिओ पाहून हे येत नाही. स्वतः टेबलं तयार कर: रुग्ण, ॲडमिशन, बिल, पावती. मग स्वतःलाच प्रश्न घाल. ज्यांचं बिल झालं पण पावती नाही असे रुग्ण कोण? एकाच ॲडमिशनवर दोन फायनल बिलं कुठे झाली? हा डेटा तू अडीच वर्षं पडद्यावर पाहिला आहेस, आता मागच्या बाजूने पाहशील. त्याच्या जोडीला पोस्टमन नावाचं साधन घेऊन एपीआय टेस्टिंग. हे फार अवघड नाही, दोन आठवड्यांत कामापुरतं येतं.

मग एक भाषा, जावा किंवा पायथन, आणि तिच्यावर सेलेनियम किंवा प्लेराइट. दोन्ही फुकट आहेत. आणि गंमत बघ: टेस्टिंगच्या जेडीत वर्षानुवर्षं सगळ्यात ठळक दिसणारं नाव सेलेनियमचं, आणि सेलेनियम प्रकल्प स्वतः कुठलंही सर्टिफिकेट देत नाही. 'सेलेनियम सर्टिफाइड' असं जे विकलं जातं ते त्या-त्या क्लासचं किंवा दुसऱ्या कुठल्या संस्थेचं असतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सगळ्यात जास्त विचारणा होते, तिथे करून दाखवण्यावाचून मार्गच नाही.

करून दाखवायचं कुठे? बहुतेक उमेदवार सॉसडेमोसारख्या सरावाच्या साइटवर लॉगिनची स्क्रिप्ट लिहितात आणि गिटहबवर (कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायची साइट) टाकतात. सरावाला ते ठीक आहे. पण पॅनेलवर बसणाऱ्याने ती स्क्रिप्ट इतकी पाहिलेली असते की तो ती उघडतही नाही. तुझ्यासाठी त्याहून चांगली जागा आहे. 'बाह्मनी' नावाचं ओपन सोर्स हॉस्पिटल सॉफ्टवेअर आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचा दवाखाना आहे, त्याच्या गरजेतून थॉटवर्क्सच्या मंडळींनी ते सुरू केलं. आता ते बऱ्याच देशांत वापरलं जातं. त्यात रुग्णांच्या नोंदी ओपनएमआरएसवर, लॅब ओपनईएलआयएसवर आणि बिलिंग ओडूवर चालतं. तीन वेगळी सॉफ्टवेअरं एकमेकांशी बोलतात म्हटल्यावर बग कुठे सापडतील, हे तुला सांगायला नको. डॉकर हे साधन वापरून ते स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येतं, रॅम मात्र भरपूर लागते. तिथे बिलिंगच्या पंधरा-वीस चांगल्या टेस्ट केस लिही, त्यातल्या पाच-सहा ऑटोमेट कर, काही खरं सापडलं तर त्यांच्या लोकांना रीतसर कळव. जगात कुणीही उघडून वाचू शकेल असा तुझ्या नावाचा एक नीट लिहिलेला बग रिपोर्ट हे मॅन्युअल टेस्टरचं सगळ्यात बोलकं काम आहे. मुलाखतीत आम्ही तेच शोधत असतो: पायऱ्या नेमक्या आहेत का, अपेक्षित काय आणि घडलं काय ते वेगळं केलंय का, गांभीर्य बरोबर ठरवलंय का.

इथे दोन सूचना. जुन्या कंपनीची टेस्ट केस, स्क्रीनशॉट, डेटा यातलं काहीही गिटहबवर टाकू नकोस. प्रॉडक्ट बंद झालं तरी ते त्यांचंच आहे, आणि त्यात रुग्णांची माहिती असेल तर प्रकरण फारच वाईट. आणि कोड चॅटजीपीटीकडून लिहून घेतलास तरी माझी हरकत नाही, हल्ली सगळेच घेतात. पण प्रत्येक ओळ का आहे ते सांगता आलं पाहिजे. 'हा वेट (स्क्रिप्टमधली थांबायची सूचना) काढला तर काय होईल?' असं कुणीतरी विचारणारच.

रेझ्युमेकडे येते. तू पाठवलेल्या रेझ्युमेत अनुभवाखाली लिहिलंयस, "टेस्ट केस लिहिणे, एक्झिक्यूट करणे, बग रिपोर्ट करणे, डेव्हलपरशी समन्वय." हे प्रत्येक टेस्टर लिहितो. पण पत्रात एका ठिकाणी तू ओघात सांगून जातेस की टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे बघणाऱ्या संस्थेने) दावा अर्धवट मंजूर केला की फायनल बिलात रुग्णाकडून घ्यायची रक्कम चुकायची, ते तू रिलीजच्या आदल्या दिवशी पकडलंस. अगं, मग हे रेझ्युमेत कुठे आहे? हेच वर यायला हवं: कोणता मॉड्यूल, कोणत्या प्रकारची चूक, सापडली नसती तर काय झालं असतं. कॅशलेस, पॅकेज, अर्धवट मंजुरी, ॲडव्हान्सचा परतावा, या गोष्टी समजणारा टेस्टर मिळणं सोपं नाही. तू ज्याला 'छोट्या कंपनीतलं साधं काम' म्हणतेस ते डोमेन नॉलेज, म्हणजे त्या क्षेत्राची जाण आहे, आणि त्याला पैसे मिळतात.

त्याच धाग्यावर आणखी एक. पुण्यातल्या बऱ्याच कंपन्या अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचं काम करतात. तिथे दाव्यांची देवाणघेवाण ठरलेल्या इलेक्ट्रॉनिक नमुन्यांत होते. दावा जातो तो ८३७, पैसे आल्याचा तपशील येतो तो ८३५, पात्रता विचारायची ती २७० आणि तिचं उत्तर २७१. एवढं आणि एचएल७, एफएचआयआर (रुग्णांची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात पाठवायचे ठरलेले नमुने) म्हणजे काय हे आठवडाभर वाचलंस तर 'हेल्थकेअर डोमेन' लिहिलेल्या जेडीला तू हिमतीने अर्ज करू शकशील. आपल्याकडच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्येही एफएचआयआरच वापरतात, त्यामुळे देशी कंपन्यांतही ते चालतं. नुसतं 'टेस्टर, पुणे' असं शोधण्याऐवजी असं शोध. रांग बरीच लहान होईल.

अर्जांबद्दल थोडक्यात. रोज चाळीस ठिकाणी एका क्लिकवर अर्ज करणं थांबव, आठवड्याला दहा कर, पण जेडी वाचून. तुझ्या जुन्या कंपनीतले डेव्हलपर आता कुठे-कुठे गेलेत ते शोध. ज्यांच्या कोडमधले बग तू काढलेस त्यांना तुझं काम कसं आहे ते माहीत आहे. त्यांना 'काही असेल तर सांगा' असा मोघम मेसेज पाठवू नकोस. त्यांच्या कंपनीत असलेल्या नेमक्या जागेचा नंबर आणि रेझ्युमे पाठव, म्हणजे त्यांना रेफर करणं दोन मिनिटांचं काम होतं. आणि प्रोफाइलवर 'इमिजिएट जॉइनर' ठळक लिही. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडला कंटाळलेल्या रिक्रूटरला पुढच्या सोमवारी येणारी मुलगी हवीच असते. सात महिन्यांचा गॅप लपवायचं कारण नाही. प्रॉडक्ट बंद झालं, तेव्हापासून ऑटोमेशन शिकले, हे त्याचं दोन वाक्यांतलं उत्तर. गिटहब दाखवायला असलं की तिथे विषय संपतो.

एका अडचणीला यातलं काहीच लागू पडत नाही. काही मोठ्या कंपन्यांची चाळणीच 'बी.ई. किंवा एम.सी.ए., सगळीकडे साठ टक्के' अशी असते. तिथे तुझा रेझ्युमे माणसाच्या नजरेला पडण्याआधीच बाहेर जातो, सर्टिफिकेटं तीन असोत की तेरा. अशा जागा आत्ता सोडून दे. पण पुढची दहा वर्षं याच क्षेत्रात काढायची असतील, तर नोकरी लागल्यावर ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने एम.सी.ए. करायचा विचार कर. आता ती दोन वर्षांची आहे, आणि यूजीसीची मान्यता असलेल्या संस्थेची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. नव्वद हजार एखाद्या कागदावरच घालायचे असतील, तर तुझ्या बाबतीत मला हा कागद जास्त टिकाऊ वाटतो.

रूममेटच्या ओळखीच्या माणसाबद्दल मात्र मी हे-ते तोलून लिहिणार नाही. नको. पुण्यात हा धंदा किती राजरोस चालतो ते मला माहीत आहे. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, फोन उचलून 'हो, आमच्याकडे होती' म्हणणारा माणूस, सगळं मिळतं. पण पडताळणी आता त्या फोनवर थांबत नाही. पीएफच्या यूएएन नंबरवरून सगळा इतिहास निघतो, त्यात कुठे कधी लागलीस आणि कधी सोडलंस ते असतं. आयकर खात्याकडचं टीडीएसचं पत्रक मागितलं तर टीडीएस कुणी कापला तेही दिसतं. जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी उघडं पडलं तरी त्याच दिवशी बाहेर काढतात, आणि मग रेझ्युमेवर दाखवता न येणारे सहा महिने आणखी वाढतात. त्यात तुझ्याकडे अडीच वर्षांचा अस्सल अनुभव आहे. त्याला खोटी दोन वर्षं जोडलीस की उद्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय साडेचार वर्षांच्या टेस्टरला विचारतात ते प्रश्न वेगळे असतात. जिथे जॉइनवर अडलीस तिथे फ्रेमवर्क डिझाइनवर काय बोलशील?

तुझी जुनी कंपनी लहान होती म्हणतेस. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर पीएफ कापणं बंधनकारक नसतं, त्यामुळे कदाचित तुझा पीएफ नसेलही. म्हणून रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा आणि पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट एका फोल्डरमध्ये आत्ताच नीट ठेव. कंपनी गुंडाळत असेल तर मालकाकडून अनुभवाचं पत्र या आठवड्यात मागून घे. वर्षभराने तो फोन उचलेल याची खात्री नाही.

सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथे थोडं थांबते, नाहीतर मी सरसकट सर्टिफिकेटांच्या विरुद्ध आहे असा समज व्हायचा. काही परीक्षा प्रत्यक्ष काम करायला लावतात. रेड हॅटची लिनक्सवरची आरएचसीएसए किंवा सर्व्हर सांभाळायच्या कुबरनेटीसची सीकेए यांत पर्याय निवडायचे नसतात. समोर चालू मशीन देतात आणि काम पुरं करायला सांगतात. सुरक्षा क्षेत्रातल्या ओएससीपीत तर जवळजवळ चोवीस तास मशिनी फोडायच्या आणि मग अहवाल लिहायचा. असलं सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडे पॅनेल वेगळ्या नजरेने पाहतं. नेटवर्किंगमध्ये शिरताना सीसीएनए अजूनही चालते. सेल्सफोर्स, एसएपी, सर्व्हिसनाऊ यांचं काम हवं असेल तर त्यांचीच सर्टिफिकेटं बघतात, कारण तिथे पार्टनर कंपन्यांचं सगळं गणित त्यावर असतं. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेला पदवीधराकडून प्रकल्प सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव मागतात, त्यामुळे फ्रेशरने तिकडे बघूच नये. आणि जे नोकरीत आहेत त्यांनी स्वतःच्या खिशातून फी भरण्याआधी मॅनेजरला विचारावं. पार्टनर पायरीसाठी कंपनीलाच माणसं कमी पडत असतात. डंप (फुटलेले प्रश्नसंच) पाठ करून पास होणाऱ्यांना एवढंच सांगते की तो परीक्षेच्या कराराचा भंग आहे. सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांवर बंदीही येऊ शकते.

घरच्यांचं. दादा टोचून बोलतो हे खरं, पण त्याला दिसतंय ते अगदीच चुकीचं नाही. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा वरच्या दोन्ही शीट त्याला दाखव. बाबांचा फंड मात्र राहू दे. नको म्हटल्यावर त्यांना वाईट वाटेल, म्हणून त्यांच्याकडून वेगळं काहीतरी माग: तीन महिन्यांचं खोलीभाडं, किंवा लॅपटॉपला रॅम वाढवायला पैसे. बाह्मनी चालवायला ती लागणारच आहे.

राहता राहिली कॉन्ट्रॅक्टची ऑफर. परमनंट नाही म्हणून सोडलीस, पण तुझी आधीची नोकरी परमनंटच होती ना? सात महिने घरी बसण्यापेक्षा एखाद्या मोठ्या क्लायंटकडे थर्ड पार्टी पेरोलवर (पगार मधली कन्सल्टन्सी देते) सहा महिने काम करणं मला बरं वाटतं, विशेषतः तिथे ऑटोमेशन करायला मिळणार असेल तर. त्या कन्सल्टन्सीला परत फोन कर. जागा भरली असेल तर दुसरी असेल. ऑफर हातात आल्यावर सही करण्याआधी बघ: पीएफ कापणार आहेत का, अनुभवाच्या पत्रात क्लायंटचं नाव आणि तुझं काम लिहून देणार का, कॉन्ट्रॅक्ट मुदतीआधी संपलं तर किती दिवसांची सूचना मिळणार, आणि आधी सोडलंस तर तुझ्याकडून पैसे मागणारा बाँड आहे का. नोकरी देण्यासाठी कुणी तुझ्याकडेच पैसे मागितले, डिपॉझिट म्हणून, ट्रेनिंग म्हणून किंवा लॅपटॉपसाठी म्हणून, तर तिथून उठून ये.